माळावर संगीत महोत्सव भरवताना: सातबाऱ्यापासून खिळ्यांपर्यंत

गेले दोन हिवाळे आम्ही पाच मित्र दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका माळावर दोन दिवसांचा संगीत महोत्सव भरवतोय. पहिल्या वर्षी बाराशे लोक आले, दुसऱ्या वर्षी तीन हजार. तेव्हापासून फोन सुरू आहेत. बार्शीहून, सांगोल्याहून, एक तर थेट विजयपूरहून. परवानगी कुठून काढली, जनरेटर किती लागले, पोलिसांनी त्रास दिला का. दर वेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी तिच्यापाशीच येऊन थांबते. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा पाचही जणांच्या तोंडून एकच वाक्य निघालं: "काय मोकळा माळ आहे बे!" मोकळा वगैरे काही नव्हता. त्याला सात खातेदार होते, त्यातून मेंढरांची वाट जात होती, खाली ओढा होता, वर लांडगा फिरत होता आणि दीड किलोमीटरवर झोपणारं एक अख्खं गाव होतं. पहिल्या वर्षीचं आमचं झाडून सगळं नुकसान माळ मोकळा धरल्यामुळे झालं.

१. तारीख: आधी पंचांग उघडा

उन्हाळा बाद. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पावसाळ्याचं म्हणाल तर आपल्याकडे खरा जोर परतीच्या पावसाचा. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर ज्यांनी पाहिलाय ते सप्टेंबर-ऑक्टोबरची तारीख धरणार नाहीत. उरतो नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. त्यातही पुढच्या अडचणी:

कार्तिकी वारीला ग्रामीण पोलिसांचा बंदोबस्त पंढरपुरात असतो. तुमच्या अर्जाकडे बघायला त्या पंधरवड्यात कोणी नसतं.

जानेवारीच्या मध्याला सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा. शहरातले मंडपवाले, लाईटवाले, जनरेटरवाले तिकडे गुंततात आणि उरलेसुरले दुप्पट भाव सांगतात.

डिसेंबरमधल्या दाट लग्नतिथींनाही तीच गत. साउंडवाल्याला सुपारी द्यायच्या आधी त्याच्याकडची लग्नाची वही बघा.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते. स्वयंसेवक मिळत नाहीत आणि ध्वनिक्षेपकाविरुद्ध तक्रार करायला गावाला रास्त कारण मिळतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली तर झालेल्या परवानग्याही पुन्हा तपासल्या जातात. म्हणून कलाकारांच्या करारात पर्यायी तारीख लिहून घ्या.

आणि आमचा खास फटका: वेळा अमावस्या. शहरात वाढलेल्या आमच्या कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पहिल्या वर्षी मंडप उभारणीचा मुख्य दिवस नेमका त्या अमावस्येला आला. कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावांत त्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला जातं. ट्रॅक्टर नाही, मजूर नाही, सरपंचांचा फोन बंद. आम्ही माळावर बांबूंच्या ढिगाजवळ बसून होतो. शेवटी एका आजींनी हाक मारून खोपीतलं आंबील आणि भज्जी वाढली, तेवढंच त्या दिवशीचं काम.

जमल्यास शुद्ध पक्षातला, पौर्णिमेच्या अलीकडचा शनिवार-रविवार धरा. माळावरच्या पार्किंगला चांदण्याइतका स्वस्त लाईटवाला मिळत नाही.

२. जागा: तीनदा बघा, तीन ऋतूंत बघा

आमची पहिली पसंती उजनीचं बॅकवॉटर होती. फोटो बघून कोणाचंही मन जाईल: पाणी, रोहित पक्षी, सूर्यास्त. तिथे गेल्यावर कळलं की धरणाचं पाणी मागे हटल्यावर जी सपाट जमीन उघडी पडते ती संपादित, सरकारी जमीन असते आणि तिच्यात लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. म्हणजे जो शेतकरी "घ्या की, आमचीच हाय" म्हणतो, त्याला ती तुम्हाला भाड्याने देता येत नाही. शिवाय वरून सुकलेला गाळ आतून लोण्यासारखा असतो. मंचाचा एक खांब खचला की संपलं. आणि ज्या पक्ष्यांसाठी लोक येणार, ते पहिल्या साउंड चेकलाच उडून जाणार. तो नाद सोडला.

जमीन मुरमाड हवी, हे पक्कं धरून चला. काळ्या रानात एक सर पडली तरी चाक रुततं, आणि कोरड्या दिवसांत भेगांत पाय अडकतो. डिसेंबरातसुद्धा अवकाळी येतो. पहिल्या वर्षी फक्त वीस मिनिटं पाऊस पडला. मंचाजवळचा मुरूम तासाभरात चालण्याजोगा झाला. पण तिकडे यायची वाट एका काळ्या पट्टीतून होती, त्या पट्टीत साउंडचा ट्रक धुरीपर्यंत बसला. दोन ट्रॅक्टर, एक साखळदंड आणि चार तास. दुसऱ्या वर्षी आम्ही तेवढ्या दोनशे फुटांवर आधीच मुरूम टाकून घेतला.

जागा तीनदा बघा. एकदा मे महिन्यात भर दुपारी, सावली कुठे आहे ते कळायला. एकदा सप्टेंबरात मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, पाणी कुठे साचतं आणि ओढा रस्ता कुठे अडवतो ते कळायला. आणि एकदा हिवाळ्यात रात्री, गावाचे दिवे किती जवळ आहेत आणि वारा कुठून येतो ते कळायला. काठीला चिंधी बांधून आठवडाभर वारा बघा. शौचालयं आणि जनरेटर कुठे ठेवायचे ते ती चिंधी सांगते.

वनखात्याला लेखी विचारल्याशिवाय सुपारी देऊ नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते फार मोठ्या क्षेत्रावर, पुढे ते कमी केलं गेलं. त्यामुळे कोणता गट आत आणि कोणता बाहेर यावर गावागावांत ऐकीव माहिती चालते. गट नंबर घेऊन जा आणि उत्तर कागदावर घ्या. अभयारण्याबाहेरही आपल्या माळांवर काळवीट, खोकड, लांडगा असतात. आमच्या जागेच्या उत्तरेला लांडग्याची ये-जा असल्याचं मेंढपाळांनी सांगितलं, तेव्हा ती बाजू आम्ही अंधारी आणि मोकळी सोडली. तंबू सगळे दक्षिणेला लावले.

३. गाव: कागदाच्या आधी पारावर जा

आम्ही पहिल्या वर्षी थेट सरपंचांकडे ना-हरकत मागायला गेलो. चूक. दाखला मिळाला, पण गावाला कार्यक्रम कळला तो ट्रक आल्यावर. "पुण्याची पोरं दारू प्यायला येणारेत" अशी हवा दोन दिवसांत झाली. आम्ही सोलापूरचे, त्यातले दोघे तर अक्कलकोट रस्त्यावरचे, हे सांगूनही कोणी ऐकेना.

दुसऱ्या वर्षी जुलैपासून गेलो. पोलीस पाटील, भजनी मंडळ, बचत गटाच्या बायका, तालमीतली पोरं, सगळ्यांशी वेगवेगळं बसलो. या पट्ट्यात घरात कन्नड आणि बाहेर मराठी चालते, म्हणून बोलायला दोन्ही येणारा माणूस सोबत नेला. तीन गोष्टी तेव्हाच ठरवून लिहून घेतल्या: गावाला प्रवेश फुकट, जेवणाचे निम्मे गाळे गावच्या बचत गटांना, आणि पार्किंगचं सगळं काम व त्याचे पैसे गावच्या पोरांना. मग ग्रामसभेत विषय मांडला आणि ठराव घेतला. मारामारीचे दोन प्रसंग त्या पार्किंगवाल्या पोरांनी आमच्या बाउन्सरच्या आधी मिटवले.

मेंढपाळांना विसरू नका. सुगीनंतर त्यांचे कळप रानोमाळ बसायला येतात आणि त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. आमचं पहिल्या वर्षीचं पार्किंग बरोबर एका वाटेवर होतं. संध्याकाळी साडेपाचला तीनशे मेंढरं आणि चाळीस मोटारी समोरासमोर. मेंढरं हटली नाहीत आणि ते रास्तच होतं.

४. कागदपत्रं: सहा महिने आधी फाईल उघडा

शहराची हद्द पोलीस आयुक्तालयात येते, बाहेरचा भाग ग्रामीण पोलिसांकडे. माळावरच्या कार्यक्रमाला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालचा लोकरंजनाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. त्यासाठी पोलीस ठाण्याचा आणि तहसीलचा अहवाल लागतो. आमच्या फाईलमध्ये शेवटी एवढं होतं:

• सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा
• सातबाऱ्यावरच्या प्रत्येक खातेदाराची मुद्रांकावर नोटरी केलेली संमती
• शेतजमिनीच्या तात्पुरत्या बिगरशेती वापराबद्दल तहसीलदारांकडचं पत्र
• ग्रामसभेचा ठराव आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
• वनखात्याचं पत्र
• पोलीस ठाण्याचा ना-हरकत, ध्वनिक्षेपकाचा परवाना, वाहतूक व पार्किंगचा आराखडा
• मंच आणि टॉवरच्या मजबुतीचा दाखला. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे चौकशी करा
• विद्युत निरीक्षकांचा दाखला, जनरेटरच्या तपशिलासह
• अग्निशमन ना-हरकत
• तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिलेलं पत्र आणि रुग्णवाहिकेची व्यवस्था
• प्रत्येक खाद्यगाळ्याची अन्नसुरक्षा नोंदणी
• गाण्यांच्या हक्कांचे परवाने
• सार्वजनिक दायित्व विमा

प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि एक मूळ संच प्लास्टिकच्या पिशवीत. पोच घेतल्याशिवाय एकही अर्ज देऊ नका. "साहेबांच्या टेबलावर ठेवलाय" ही पोच होत नाही.

सापळा पहिला: खातेदार. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं. सहा गावात, सातवे भिवंडीत. सहा जण म्हणाले, "तो काय म्हणतोय, आम्ही हाय की." कार्यक्रमाला आठ दिवस असताना भिवंडीहून हरकतीचा अर्ज आला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कोणी विचारलं नव्हतं. रात्रीच्या गाडीने गेलो, चहा झाला, सही झाली. भोगवटादार वर्ग दोन, इनाम किंवा गायरान (म्हणजे सरकारी अटी असलेली किंवा सरकारीच जमीन) असं काही लिहिलेलं दिसलं तर सरळ दुसरी जागा शोधा.

सापळा दुसरा: गाण्यांचे हक्क. कलाकार मंचावर दुसऱ्याची रचना गातो त्याचा परवाना वेगळा, आणि मधल्या वेळात तुम्ही वाजवता त्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा वेगळा. गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आयपीआरएस, ध्वनिमुद्रणांच्या बाजूने पीपीएल, आणि आणखीही काही संस्था. जबाबदारी आयोजकाची. "बँड बघून घेईल" असं धरू नका. मधल्या वेळात आम्ही आता काहीच लावत नाही. माळावर दहा मिनिटं शांत बसायला लोकांना आवडतं, असा आमचा अनुभव.

सापळा तिसरा: तिकीट. संगीत कार्यक्रमाचा प्रवेश माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, त्यापुढे १८ टक्के. मात्र तंबू आणि जेवण एकाच पासात घातलं तर तो नुसता प्रवेश राहत नाही. तिकीट छापायच्या आधी सीएकडे जा, नंतर नको.

५. आवाज: दहाला बंद, सहाला सुरू

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस सरकारी यादीत सणावारांसाठी जाहीर होतात. तुमचा शनिवार त्यात असेल या आशेवर वेळापत्रक बांधू नका. बरेच जण म्हणतात, माईक बंद करू आणि नुसती ढोलकी वाजवू. तेही चालत नाही. नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे.

आवाजाची पातळी कार्यक्रमाच्या हद्दीवर मोजतात. त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त, किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा. निवासी भागाचं दिवसाचं मानक ५५ आहे, म्हणजे तिथे ६५. मोबाईलवरच्या ॲपवर विसंबू नका, साधं ध्वनिमापक भाड्याने मिळतं.

थंडीत एक गंमत होते. सूर्य बुडाला की जमीन भराभर गार होते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. त्यामुळे मंचापासून अर्ध्या किलोमीटरवर कमी ऐकू येणारा बेस तीन किलोमीटरवरच्या वस्तीत खिडक्या हलवतो. म्हणून मंचाचं तोंड गावाकडे ठेवू नका, बेसचे डबे संध्याकाळी सहानंतर कमी करा, आणि एक माणूस मोटारसायकलवर गावात बसवा. त्याचं काम एकच, ऐकायचं आणि फोन करायचा.

या नियमानेच आम्हाला आमचा सगळ्यात चांगला कार्यक्रम दिला. रात्र गेली म्हणून आम्ही पहाट घेतली. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला ललतने सुरुवात, उजाडताना भैरव, उन्हं आल्यावर भजनी मंडळ. पहिल्या वर्षी वाटलं शंभर माणसं उठतील. तंबूतली झाडून सगळी आली, खांद्यावर सोलापुरी चादरी घेऊन.

६. वीज: अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता

शेतीच्या लाईनवर काहीही चालवू नका. तिच्या वेळा बदलत राहतात आणि व्होल्टेजचा भरवसा नाही. आम्ही तीन जनरेटर घेतले: आवाजासाठी १२५ केव्हीएचा, तेवढाच दुसरा लाईटसाठी, आणि गाळे-तंबूंसाठी एक छोटा. आवाज आणि लाईट एकाच जनरेटरवर घेतले की डिमरची घरघर स्पीकरमधून येते. मोठा जनरेटर निम्म्या लोडवर तासाला दहा-पंधरा लिटर डिझेल पितो, तो हिशेब करून साठा ठेवा. साठा मंचापासून लांब, वाळूच्या बादल्यांसह.

आता अर्थिंग. यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा थांबतो. कोरडा मुरूम वीज नीट जमिनीत जाऊ देत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने शहरातल्या सवयीने एक सळई ठोकली आणि मोकळा झाला. संध्याकाळच्या साउंड चेकला एका पोराने गिटारच्या तारांवर हात ठेवून माईकला ओठ लावले आणि झटक्याने मागे सरला. ओठावर मुंगी चावल्यासारखं झालं म्हणाला. त्यावर सगळे हसले. गावातला मोटारी बांधणारा एक म्हातारा वायरमन तिथे उभा होता, तो हसला नाही. त्याने सगळं बंद करायला लावलं. कमरेएवढे दोन खड्डे खणले, पट्टी उभी केली, मीठ आणि कोळशाचे थर दिले, दोन घागरी पाणी ओतलं आणि बाजूला एक पोरगा बसवला. दर दोन तासांनी एक घागर. मग टेस्टर लावून दाखवलं. ती दोन घागरींची पद्धत आता आमच्या करारात लिहिलेली आहे. शिवाय प्रत्येक पॅनेलला ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच), आणि लोक चालतात तिथल्या केबल जमिनीत किंवा रबरी पट्टीखाली.

७. पाणी आणि शौचालयं

आमचा अंगठ्याचा हिशेब: मुक्कामी माणसाला दिवसाला पाच लिटर प्यायला व स्वयंपाकाला, पंधरा लिटर बाकी सगळ्याला. तीन हजार माणसं म्हणजे दिवसाला साठ हजार लिटर, दहा हजारांचे सहा टँकर. ते टँकर तुमच्या वाटेने येऊ शकतात का, हा खरा प्रश्न. टँकरवाल्याला गावच्या विहिरीतून भरू देऊ नका, हिवाळ्यात पाणी दिसतं पण ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं. प्रत्येक टँकरला ब्लीचिंग पावडर आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी. नमुना पिवळा झाला तरच नळ उघडायचा.

शौचालयं मुक्कामी पन्नास माणसांमागे एक धरा, बायकांसाठी त्याहून जास्त, पुरुषांच्या मुताऱ्या वेगळ्या. वाटेवर दिवे लावा. बायकांच्या बाजूला रात्रभर एक बाई कामावर ठेवा, पगारी. पहिल्या वर्षी ते केलं नाही आणि सकाळी एका कॉलेजच्या मुलीने आम्हाला जे सुनावलं ते अजून आठवतं. मैला उपसणारी गाडी रोज पहाटे यायला हवी, तिच्या मालकाला दोनदा फोन करा.

८. रस्ता: ऊस लक्षात ठेवा

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पुष्कळांना मागे लाल दिवा नाही. तुमचे श्रोते पुण्या-मुंबईहून येऊन याच रस्त्याने अंधारात शिरणार. म्हणून मोटारी हायवेलगतच्या रानात उभ्या करून पुढचे आठ किलोमीटर एसटीने न्यायचं ठरवलं. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, आगारात महिनाभर आधी अर्ज आणि पैसे भरावे लागतात. ड्रायव्हरला रस्ता पाठ असतो आणि ट्रॉलीवाल्यांशी त्याची भाषा जुळते. शिवाय कारखान्याच्या शेतकी खात्यात आणि टोळीच्या मुकादमांना तारखा सांगून, आमच्या खर्चाने दीडशे ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवल्या. आतली कच्ची वाट एकेरी ठेवा, रुग्णवाहिका आणि बंबासाठी दुसरी वाट कायम मोकळी, तिथे साखळी लावून माणूस बसवा.

९. आग, साप, थंडी

जानेवारीचं कुसळी गवत म्हणजे पसरून ठेवलेला कागद. मैदानाभोवती ट्रॅक्टरने नांगरून दहा फुटांचा पट्टा करून घ्या. शेकोट्या ठरलेल्या जागीच, दगडांच्या कड्यात. बंब नगरपरिषदेकडून मिळतो, नाहीतर जवळच्या साखर कारखान्याला विचारा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. हिवाळ्यात कमी दिसतात, पण सरपणाच्या ढिगात आणि दगडांखाली असतात. सरपण तंबूंपासून लांब ठेवा आणि लोकांना बूट झटकून घालायला सांगा. सर्पदंशाची प्रतिलस नेमकी कोणत्या ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री आहे, हे आदल्या दिवशी जाऊन स्वतः बघा. आवळपट्टी बांधणं, जखम कापणं, चोखणं काहीही करायचं नाही, माणूस हलू द्यायचा नाही आणि गाडी काढायची. स्वयंसेवकांना हे तोंडपाठ पाहिजे. १०८ येते, तरी एक रुग्णवाहिका आणि एक डॉक्टर जागेवरच ठेवा. आमच्या डॉक्टरकडे प्रत्यक्षात आले ते सगळे थंडीचे, पायात कुसळं शिरलेले आणि अति हुरडा खाल्लेले.

१०. कलाकार आणि पैसा

कलाकारांवर एकूण खर्चाच्या एक-तृतीयांशाहून जास्त घालू नका. उरलेलं पाणी, वीज, रस्ता खातो. करारात लिहा: सुपारी किती, उरलेले कधी, साउंड चेक किती वाजता, दहा वाजता माईक बंद होणार हे मान्य.

बाहेरचं मोठं नाव एक पुरे. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे, आणि तुळजापूर शेजारी असल्याने गोंधळी घरोघरी. हलगी-सनईचा ताफा, धनगरी ओव्या, गजी नृत्य हे त्या मातीवर जसं वाजतं तसं सभागृहात वाजत नाही. फक्त त्यांना शेवटच्या बँडइतकाच वेळ आणि तितकाच साउंड चेक द्या. पहिल्या वर्षी आम्ही हलगीवाल्यांना स्वागताला दारात उभं केलं होतं, ते आठवलं की अजून लाज वाटते.

११. नेटवर्क जाणार हे धरून चला

एका टॉवरवर तीन हजार फोन आले की यूपीआय बसतं. मोबाईल कंपनीकडे चाकावरची टॉवरगाडी मागता येते, मिळेलच असं नाही. कागदी कुपनं छापा, सुट्टे पैसे ठेवा. तिकिटांची यादी आदल्या रात्री कागदावर काढा. मंच, गेट, डॉक्टर, पार्किंग यांच्यात वॉकीटॉकी, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन नंबरांची चिठ्ठी.

१२. उठताना

आवरायला उभारणीइतकेच दिवस लागतात, ते पैसे आधीच बाजूला काढा. कचरा पहिल्याच दिवशी ओला-सुका वेगळा, पत्रावळ्या गावच्या खताच्या खड्ड्यात, प्लास्टिक परत शहरात. हे सगळे करतात. खिळे कोणी बघत नाही.

मंडप सुटला की हजारो खिळे, तारांचे तुकडे आणि तंबूच्या खुंट्या मुरमात राहतात आणि मुरमाच्याच रंगाच्या दिसतात. पहिल्या वर्षी चौथ्या दिवशी मेंढपाळ काका एक मेंढरू खांद्यावर टाकून आमच्या ट्रकपाशी आले. खुरात मंडपाचा खिळा. काही बोलले नाहीत, खिळा माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या वर्षी दोरीला चुंबक बांधून, चौघांनी ओळीत, नांगरल्यासारखा अख्खा माळ ओढून काढला. अडीच दिवसांत एक डालडाचा डबा भरला. मग काकांना बोलावलं. ते स्वतः एक चक्कर मारून आले आणि मेंढरं सोडली.

चुंबक विकत घेऊ नका. साउंडवाल्याकडे जळालेला बेस स्पीकर असतोच, त्याच्यातलं मागून घ्या.